खुलासा : आफ्रिकेत भारताने काहीच जिंकलं नाही?

‘दक्षिण आफ्रिकेत भारताने आजवर काहीच जिंकलेलं नाही, तिथल्या 2027 च्या विश्वचषकात काही खरं नाही’ असा मेसेज फिरतोय. कसोटीपुरतं बोलायचं तर 2023-24 च्या दौऱ्यापर्यंत तिथे मालिका जिंकता आली नव्हती, हे खरंच. पण विश्वचषक एकदिवसीय सामन्यांचा आहे हो! 2018 मध्ये तिथलीच मालिका आपण 5-1 ने जिंकली. 2003 चा विश्वचषक तिथेच, सलग 8 विजयांनंतर अंतिम सामन्यात हरलो. डर्बनला सुजलेला घोटा घेऊन नेहराने 23 धावांत इंग्लंडचे 6 गडी टिपले, तोच हा विश्वचषक. आणि 2007 चा टी-ट्वेंटी विश्वचषक, जो आपण जिंकला? पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात जोगिंदरचं शेवटचं षटक, मिसबाहचा वर उडालेला चेंडू, खाली झेल घ्यायला श्रीशांत. तेही जोहान्सबर्गच.