रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणे!

"सगळे रिपोर्ट नॉर्मल. मनाचं आहे, जास्त विचार करू नका." एवढं ऐकवून आज डॉक्टरांनी एका ताईंना वाटेला लावलं. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करतायत. मान आखडलेली, पाळी पुढेमागे, पायावरची जखम महिना झाला तरी भरत नाही. आणि हे म्हणे मनाचं!

मनाचं म्हणजे शरीराचं नाही, असं ठरवलं कुणी? धोका जाणवला की अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक (हार्मोन) काही सेकंदांत सुटतं. मागोमाग मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग पिट्युटरी ग्रंथीला ढोसतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. यकृत साखर सोडतं, रक्तदाब चढतो, पचन खोळंबतं. कुत्रं मागे लागलं तर हे वरदानच, कारण पुढे सगळं निवळतं. ताईंकडे निवळणार कधी? बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असायला हवं. झोप अशी तुकड्यातुकड्यांत मोडली की तेही वेळापत्रक विस्कटतं.

आणि ती जखम! १९९५ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी नेमकं हेच मोजलं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची जखम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. कॉर्टिसॉल सतत चढं राहिलं की जखम भरणाऱ्या पेशींना बोलावणंच उशिरा जातं.

बरं, पोटातल्या अल्सरचं खापर ताणावर फोडत होते आणि निघाला हेलिकोबॅक्टर जिवाणू, हे मान्य. छातीत दुखलं तर आधी ईसीजी, ताणाच्या गप्पा नंतर, हेही मान्य.

डॉक्टरांपुढेही रांग असते, कळतं मला. पण ताई, तुम्ही एक करा. नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस नस (मज्जातंतू) हृदयाचा वेग उतरवते, म्हणून सोडणं लांब. छाती फुगवून भराभर घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. बीपी बघताना पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाठ टेकवा, मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या.

अर्थात, श्वासाने रात्रीचं उठणं थांबत नाही. "स्वतःची काळजी घे हं" म्हणणाऱ्या दीर-नणंदांपैकी कुणीतरी आठवड्यातून दोन रात्री तिथे झोपायला या. कूस बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. येत नसेल तर मी शिकवते.