झाकली मूठ पन्नास बारची

लहानपणापासून आईचं माझ्याबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे, "अगो, मध्ये श्वास तरी घे!" म्हणजे मी शाळेतून आले की दिवसभराचं सगळं एका दमात सांगणार, फुलस्टॉप नाही, कॉमा नाही, आणि आई पोळी उलटता उलटता हे म्हणणार. रत्नागिरी सुटली, ऑकलंडला येऊन चौदा वर्षं झाली, लेक सोळाची झाली, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका पोरसवदा डाइव्ह इन्स्ट्रक्टरने मला अगदी नम्रपणे सांगितलं की तुम्ही श्वास फार घेता, जरा कमी घ्या. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तो दुसऱ्या कुणाला बोलला असेल."

तर झालं असं, की लेकीने डाइव्हिंगचा कोर्स केला आणि वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाली पुअर नाइट्स आयलंड्सला, म्हणजे ऑकलंडच्या उत्तरेकडच्या बेटांपाशी, डाइव्ह. आता पाण्याखाली एकट्याने जात नाहीत, जोडीला बडी लागतो. नवऱ्याच्या एका कानाचा पडदा लहानपणीच फाटलेला, त्यामुळे तो बाद. मी म्हटलं मी आहे की, मी केलंय स्कूबा, मालवणला. लेकीने माझ्याकडे असं बघितलं की जणू कुणीतरी जत्रेतल्या पाळण्यात बसलोय म्हणून विमान चालवायला मागतंय.

मालवणचं स्कूबा ज्यांनी केलंय त्यांना कळेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला होडी थांबते, एक पोरगा "ताई टेन्शन घ्यायचं नाय" म्हणत मागून टाकीला धरतो आणि मांजरीने पिल्लू न्यावं तसा आपल्याला खाली नेतो. आपण काहीही करायचं नाही, फक्त तोंडातलं सोडायचं नाही. खाली दुसरा पोरगा बिस्किटाचा चुरा सोडतो, मासे गोळा होतात, फोटो, वर. टाकीत हवा किती होती, किती उरली, मला आजतागायत माहीत नाही. तो फोटो सासरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, त्यात माझे डोळे गच्च मिटलेले आहेत पण मासे छान आलेत.

इथे मात्र रीतसर कोर्स. चार दिवस, पुस्तक, परीक्षा, स्विमिंग पूल, मग समुद्र. आणि तिथे माझी गाठ पडली गेजशी. हे छातीजवळ लोंबणारं घड्याळासारखं डबडं, टाकीत हवा किती उरली ते दाखवतं. टाकी बारा लिटरची, पण त्यात २०० बारच्या दाबाने (बार हे दाब मोजायचं माप) हवा कोंबलेली, म्हणजे मोकळी सोडली तर साधारण २४०० लिटर. मला वाटलं अरे वा, आठवडाभर पुरेल. पण गंमत अशी की दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब मिळून एकूण दाब दुप्पट होतो, त्यामुळे तोच श्वास दुप्पट हवा खातो, वीस मीटरवर तिप्पट. शिवाय पन्नास बार शिल्लक ठेवून वर यायचंच. म्हणजे हाताशी दीडशे बार, आणि माझ्यासारखी घाबरट बाई, जी पाण्यात डोकं गेलं की लोहाराच्या भात्यासारखी सुरू होते. श्वास रोखून वाचवावी म्हटलं तर तेही चालत नाही, श्वास कधीही रोखायचा नाही हा पहिला नियम, कारण वर येताना छातीतली हवा फुगते. म्हणजे घ्यायचा पण हावरटासारखा नाही, सोडायचा पण सावकाश. परीक्षेत मला ९४ टक्के पडले हो, पण गेजला परीक्षेचं काय.

बोट सुटते ती टुटुकाकाहून. ऑकलंडपासून गाडीने अडीच-तीन तास वर, फांगारे शहराच्या पुढे. आईला आदल्या दिवशी सांगितलं उद्या टुटुकाकाला चाललोय, तर म्हणे "कुणाकडचे काका? मला कसं नाही कधी बोललीस?" गावाचं नाव आहे हे पटवायला दहा मिनिटं गेली आणि तरी शेवटी म्हणालीच, जाताना काहीतरी गोड घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

किनाऱ्यापासून बेटं बावीस-तेवीस किलोमीटर. समुद्र "थोडासा उड्या मारतोय" असं कप्तान म्हणाला, कीवी लोकांचं थोडंसं म्हणजे काय ते चौदा वर्षांत मला कळलेलं असल्याने मी आलेपाकाच्या चार वड्या आधीच गालात सारल्या होत्या. नवरा टॉवेल आणि डबे सांभाळायला बरोबर आलेला, तो हिरवा पडून एका कोपऱ्यात बसला. त्या बेटांना पुअर नाइट्स, म्हणजे गरीब सरदार, हे नाव १७६९ मध्ये कॅप्टन कुकने दिलं. का दिलं याची एक कथा अशी सांगतात की त्या काळी इंग्लंडात त्याच नावाचा एक पदार्थ होता, पाव अंड्यात बुडवून तळलेला, आणि बेटं त्याला तशी दिसली. म्हणजे आपण रविवारी सकाळी पोरांना करून देतो तोच अंडापाव! इतक्या लांब येऊन माणसाला भूकच लागली असणार.

वेटसूट चढवणे या प्रकारावर खरं तर वेगळं लिहायला हवं. सात मिलिमीटर जाडीचं रबर, तेही भाड्याचं, आदल्या माणसाच्या ओलाव्यासकट. दिवाळीला टाचून दिलेला ब्लाउज संक्रांतीला जसा चढतो तसं, फक्त इथे ब्लाउज घोट्यापासून सुरू होतो. लेक मागून चेन ओढतेय, मी पोट आत घेतेय, शेजारी एक सत्तरीच्या आसपासची कीवी आजी दोन मिनिटांत तयार होऊन सँडविच खातेय. एवढं रबर घातलं की माणूस बुचासारखा तरंगतो, म्हणून मग वर कमरेला शिशाची वजनं. वर्षभर झुंबा करून जे उतरवलं होतं ते एका पट्ट्यात परत आलं.

मग मास्क. काच धुरकट होऊ नये म्हणून त्यात थुंकायचं आणि बोटाने चोळायचं. मी ज्या घरात वाढले तिथे पाण्याच्या भांड्याला ओठ लागला तरी ते घासायला पडायचं. मी दोनदा नुसता आवाज काढला. लेक म्हणाली, "आई, नीट थुंक." पोटच्या पोरीकडून हे ऐकायचं राहिलं होतं.

पहिली डाइव्ह एका कड्याच्या बाजूने. उडी मारली, कान दुखले, नाक दाबून फुंकले, कान मोकळे झाले, इथवर ठीक. केल्पचं, म्हणजे लांबलचक समुद्री शेवाळाचं, जंगल डुलत होतं, एका कपारीतून मोरे ईल, सापासारखी लांबडी मासळी, बाहेर डोकावत होती, अगदी चाळीच्या खिडकीतल्या म्हातारीसारखी, येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष आणि तोंड सतत उघडं-मिट. मला हे सगळं कुणालातरी सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं, ते सगळं बोलणं आत साठून श्वासातून बाहेर पडत होतं बहुतेक, कारण माझे बुडबुडे बघितले तर वाटावं कुणीतरी खाली वरण उकळत ठेवलंय. गाइड दर थोड्या वेळाने तळहातावर दोन बोटं ठेवून विचारतो, हवा किती? आजी, एकशे साठ. लेक, एकशे पन्नास. मी, शंभर. पुढच्या वेळेला आजी एकशे तीस, लेक एकशे वीस, आणि मी मूठ दाखवली. तिथे नुसती वळलेली मूठ दाखवली की पन्नास बार उरले असा अर्थ होतो. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची, इथे झाकली की सगळ्यांसमोर अब्रू गेली. आणि मी वर जाणार म्हणजे माझा बडी पण वर, म्हणजे जिचा वाढदिवस ती पण. वर जाताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, ती तीन मिनिटं लेक माझ्यासमोर लटकत होती आणि मास्कमधून माझ्याकडे बघत होती. बाविसावं मिनिट. मी दहावीच्या निकालालाही इतकी खाली मान घातली नव्हती.

दोन डाइव्हच्या मध्ये तासभर सूप पीत बसायचं असतं. बेटांवर उतरायला परवानगी नाही. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे राहणाऱ्या न्गातीवाय लोकांची मोठी कत्तल झाली, तेव्हापासून ती जागा टापू, म्हणजे पवित्र आणि वर्ज्य. हे सांगताना बोटीवरच्या पोरांचाही आवाज खाली आला होता. पाण्याचं राखीव क्षेत्र १९८१ चं, पण सुरुवातीला हौशी लोकांना थोडीफार मासेमारी चालायची, १९९८ पासून तीही पूर्ण बंद, बेटांभोवती आठशे मीटरपर्यंत गळ टाकायचा नाही म्हणजे नाही. (मालवणलाही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे आमच्याकडे निम्म्या लोकांना माहीत नसतं.) त्याचा परिणाम असा की इथले मासे माणसाला भीतच नाहीत. बोटीखाली एक स्नॅपर फिरत होता, आपल्या तांबोशीचा थोरला भाऊ म्हणावा असा, चांगला पाटाएवढा, आणि मी कोकणातली बाई, माझ्या डोक्यात हळद-मीठ लावून झालं, आगळ लावून झालं, रवा लावणार तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, तू त्याच्याकडे तशी बघू नकोस."

दुसरी डाइव्ह ब्लू माओमाओ आर्चला, ब्लू माओमाओ हा इथला निळा मासा. आर्च म्हणजे बेटाच्या खडकात पाण्याखाली आरपार पडलेली कमान, एका बाजूने शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघायचं. खोली फार नाही, आम्ही बारा मीटरच्या आसपास होतो, पण डोक्यावर दगड आहे, म्हणजे वाटलं म्हणून सरळ वर जाता येणार नाही, आणि हे कळलं की माझं काय होणार ते सगळ्यांनाच माहीत होतं. गाइडने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, श्वास सोडताना मनात काहीतरी लांबलचक म्हणा. गाणं म्हणा, काहीही. गाणं म्हटलं तर मला चाल चुकली की धाप लागते. मग आठवले पाढे. संध्याकाळी दिवा लागला की पडवीत पाय जोडून बसून म्हणायला लागायचे ते.

कमानीच्या तोंडाशी आलो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, एवढं एका श्वासात सोडायचं. आत घेताना काही म्हणायचं नाही. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी. आत शिरलो तर निळं. म्हणजे पाणी निळं, पलीकडच्या तोंडातून येणारा उजेड निळा, आणि मधे ब्लू माओमाओ, शेकडो, खडकाच्या छतापासून खाली वाळूपर्यंत, सगळे एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी उभे. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला असतात तेवढे, पण कुणी कुणाला ढकलत नाही, कुणाला कुठे जायचं नाही. आम्ही मधे शिरलो तर पडदा सारावा तसे बाजूला झाले आणि मागून परत मिटले. एक तर माझ्या मास्कसमोर येऊन माझ्याकडे बघत राहिला, मी त्याला अकरापासून एकोणीसपर्यंत सगळे पाढे म्हणून दाखवले. रवा-हळद काहीच आठवलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही, एकोणतीसच्या पाढ्यात मी नेहमीसारखी अडकले, परत पहिल्यापासून सुरुवात केली.

गाइडने विचारलं, हवा किती? मी गेज उचललं. नव्वद. लेक वळली, तिने माझं गेज स्वतःच्या हातात घेतलं, बघितलं, आणि नखाने टकटक करून पाहिलं. तिला वाटलं काटा अडकलाय.

एकूण एकेचाळीस मिनिटं. वर आल्यावर ती मास्क काढून पहिलं काय म्हणाली तर, "आई, तू आत काय करत होतीस?" मी म्हटलं पाढे. तिने तो शब्द पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं तोंड केलं, आणि आजीने मला तिच्या सँडविचमधलं अर्धं दिलं.

घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं, कमान, निळा उजेड, मासे. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणलास काय?" म्हटलं अगं तिथे धरायला बंदी आहे, नुसते बघायचे. "नुसते बघायला एवढे पैसे?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि पाण्याखाली बोलता येत नाही म्हणतेस?" नाही. "एकेचाळीस मिनिटं?" हो. "अजिबात?" अजिबात.

"फोन जावईबापूंना दे," आई म्हणाली. मी दिला. मला वाटलं तब्येत विचारेल, बोट लागली होती ना त्याला. तर आतल्या खोलीत मला ऐकू आलं, नवरा अगदी गंभीरपणे सांगत होता, "हो आई, दहा डाइव्हचा पास मिळतो का ते मी येतानाच विचारलंय."