आमच्या मागच्या अंगणात फवारू नका

सकाळपासून डोकं तापलेलं आहे, त्यामुळे सुचेल तसं लिहितेय.

दिवाळी तोंडावर आली म्हणून आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, वर्गणी काढली आणि मागच्या सर्व्हिस लेनमध्ये तणनाशक मारून घेतलं. लेन साफ करा ना, माझी हरकत नाही. कचरा उचला, नाली उपसा. पण फवारणीवाल्यानं नळी आमच्या भिंतीवरून आत घातली आणि अडुळसा, आघाडा, भिंतीलगतचं सगळं गवत भिजवून टाकलं. मी चिवड्यासाठी गोडलिंब (कढीपत्ता) तोडायला मागच्या दारी गेले तेव्हा अडुळशाच्या पानांवरून औषध टपकत होतं. विचारलं तर पोट्टा म्हणतो, "मले तं सांगतलं का पुऱ्या गल्लीत मारून दे. या घरामागं लई झाडोरा आहे, तिथं जास्त मार म्हणे."

कोणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. नाव लिहीत नाही, रोज समोरासमोर येणारी माणसं आहेत. दसऱ्यापासून ऐकवणं चालू आहे, "वहिनी, मागे जंगल करून ठेवलं तुम्ही. सणासुदीचं बरं दिसत नाही."

हो, ठेवलंय. मुद्दाम ठेवलंय.

आमच्याकडे पूर्वी असं नव्हतं. माझे सासरे, बाबा, नवरात्र बसलं की माणूस लावून मागचं अंगण खुरपून घ्यायचे. गवताची काडी राहू द्यायचे नाहीत. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला माणूस, आयुष्यभर शेतात निंदण केलेलं. तण दिसलं की हात शिवशिवायचे. मग एका भाद्रपदात ते न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पलंग मागच्या खोलीत आला. त्या वर्षी दवाखान्याच्या खेपांमध्ये अंगणाकडे बघायला कोणालाच वेळ नव्हता. पाऊस चांगला झाला होता. तरोटा, आघाडा, गवत, सगळं कमरेएवढं माजलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. फिजिओथेरपीवाली यायची, तिच्याशी बोलायचे नाहीत. बसवायला गेलं की ओरडायचे. जेवण दोन घास. आणि एक दिवस मी औषध द्यायला गेले तर खिडकीकडे बोट करून म्हणाले, "मले जरा उठवून बसव ना, तो दिसत नाही इथून."

तो म्हणजे भारद्वाज.

हे मी कितीतरी जणांना सांगितलंय आणि आज परत सांगतेय, कारण मला दुसरं काही सांगायचंच नाहीये. जो माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावरून बसत नव्हता, तो पक्षी बघायला बसला. उशांना टेकून, घाम फुटलेला, दात आवळलेले, पण बसला.

भारद्वाज कधी नीट बघितलाय का? फोटोत नाही, अंगणात. कावळ्याएवढा, काळाभोर, पंख विटकरी, डोळा लालभडक. उडायला जड असतो, म्हणून जमिनीवर चालतो. गवतातून एकेक पाऊल टाकत, मान पुढे काढून, थांबत थांबत. झाडोरा हलताना दिसतो, पक्षी दिसत नाही, आणि मग अचानक बाहेर येतो तो चोचीत बेडूक घेऊन. गोगलगायी खातो, अळ्या खातो, सरडे खातो, उंदराची पिल्लं खातो. बुलबुलाच्या घरट्यातली पिल्लंही उचलतो, ते बघवत नाही, मान्य.

आता मला सांगा, मराठी माणसाला भारद्वाज दिसला की केवढा आनंद होतो! शुभशकुन! कामाला निघताना दिसला तर काम झालंच म्हणून समजा. हेच शेजारी फाटकात उभे राहून मला म्हणाले आहेत, "वहिनी, आज भारद्वाज दिसला बरं का, मुलाचा इंटरव्ह्यू आहे." अहो, तो तुम्हाला दिसला कारण तो आमच्या झाडोऱ्यातून निघून तुमच्या भिंतीवर बसला होता! त्याला लपायला, चरायला, घरटं करायला दाट झुडूप लागतं. टाइल्सवर तो चालत नाही. शकुन पाहिजे आणि झुडूप नको, हे कसं जमायचं?

पितृपक्षात तेच. स्लॅबवर पान ठेवून ताटकळत उभे असतात, कावळा शिवत नाही म्हणून जीव खालीवर. आणि ज्या कडुलिंबावर कावळ्यांचं घरटं होतं तो गाडीवर कचरा पडतो म्हणून छाटला. दसऱ्याला नीलकंठ दिसला तर चांगलं म्हणे. लक्ष्मीपूजनाला लक्ष्मी हवी आणि तिचं घुबड रात्री ओरडलं की दगड. राग येतो मला. खरंच राग येतो.

आपल्या नागपूरचा हा ऋतूही कोणी नीट बघत नाही. शरद म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिवळी पानं येतात. आपल्याकडे पानं गळतात ती होळीच्या आगेमागे. आत्ता, पाऊस परतल्यावर, दुपारी ऊन चटके देतं, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं, आणि जमीन गच्च भरलेली असते. गवताला तुरे आलेत. चतुर थव्यानं फिरतायत. कोजागिरीला आम्ही स्लॅबवर दूध आटवत होतो तेव्हा पिंगळा समोरच्या तारेवर येऊन बसला आणि पोरं दूध विसरून त्याच्याकडे बघत राहिली. सातभाईंचा कल्ला सकाळी सुरू झाला की समजायचं, मांजर नाहीतर मुंगूस आलंय. आणि हिमालयाकडून येणारा थिरथिरा! चिमणीएवढा, काळा नि तांबूस, सारखी शेपूट थरथरवतो. इतक्या लांबून येतो आणि आमच्या जुन्या कूलरच्या स्टँडवर बसतो. त्याला तिथे बसलेलं पाहिलं की मला माहेरचं कोणी आल्यासारखं वाटतं.

आज गोडलिंब तोडताना काय दिसलं तेही सांगते. पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं, पांढरी-काळपट, ओलसर. झटकणार होते तेवढ्यात ती हलली. लिंबू फुलपाखराची लहान अळी. बाजूच्याच डहाळीवर तिची मोठी बहीण, हिरवीगार, पानाच्या देठाला चिकटून बसलेली. बोट लावलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली, ओलसर, आणि उग्र आंबूस वास सुटला. क्षणभरच. मग शिंगं आत. बोटाएवढा जीव, पण मला हाकलून लावायला निघाला होता! मी तेवढी फांदी सोडली आणि दुसरीकडचा पाला तोडला. एवढंच करावं लागतं. चिवड्याला काही कमी पडलं नाही.

आपल्या महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं. देशात पहिलं राज्य आपलं. त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. संत्रानगरीतल्या माणसांना त्याचं कौतुक असायला नको का? पण पान कुरतडलेलं दिसलं की आपण औषध आणायला पळतो.

आता डास. लगेच कोणीतरी कमेंटमध्ये डेंग्यू लिहिणार. डास होतात, नाही म्हणत नाही. आमच्याकडेही संध्याकाळी दारं लावावी लागतात. पण डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही, साचलेल्या स्वच्छ पाण्यात घालतो. तुमच्या कूलरच्या टाकीत जूनपासून पाणी आहे. कुंड्यांखालच्या बशा भरलेल्या आहेत. स्लॅबवर जुने टायर पडलेत. ते काढा आधी, मग माझ्या अडुळशाकडे या.

आणि साप. ज्यांच्या घरी रांगतं लेकरू आहे त्यांची भीती मला समजते, त्यांनी दारापुढची जागा मोकळी ठेवावी, आम्हीही ठेवतो. पण आमच्याकडे धामण येते, ती उंदीर खाते, तिला विष नाही. नाग निघाला तर सर्पमित्राला फोन करायचा, येतात ते. काठ्या घेऊन धावायचं नाही. १९७२ पासून वन्यजीव संरक्षणाचा कायदा आहे या देशात.

अंगणभर सिमेंटचे गट्टू बसवणाऱ्यांना तर काय म्हणावं! २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरलात? अंबाझरी तलावाचं पाणी घराघरांत शिरलं, लोकांचे फ्रिज तरंगत होते. तेवढ्या पावसापुढे दोन अंगणांच्या मातीनं काय केलं असतं, असं माझा नवराच विचारतो, आणि हिशोबानं तो बरोबर असेल. तरी सगळा लेआउटच सिमेंटचा केला तर पाणी जाणार कुठे?

त्या फवारणीवाल्या पोराबद्दल लिहायचं राहिलं आणि लिहिताना हात कापतायत. तोंडाला साधा रुमाल. हातात मोजे नाहीत. पायात स्लीपर. पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट ओला झाला होता. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी-शेतमजूर गेले, आठवतं ना? ते कीटकनाशक होतं, हे तणनाशक आहे, ठीक. पण अंगावर गळतंय ते विषच आहे आणि ते आपल्या वर्गणीतून विकत आणलंय. आपल्या दिवाळीत लेन चकाचक दिसावी म्हणून. मी त्याला नळावर हातपाय धुवायला लावले, साबण दिला, चहा दिला. वय विचारलं. एकोणीस म्हणाला.

एवढ्यात बाबा वॉकर घेऊन मागच्या दारात आले. त्यांना वासानंच कळलं. शेतकरी माणूस. "कोणाले विचारून मारलं हे?" इतकंच म्हणाले, आणि पोराकडे बघून गप्प झाले. मग मला म्हणाले, "पाणी मार पानांवर, लवकर मार." मी आणि मोलकरीण मावशींनी पाइप लावून जमेल तितकं धुऊन काढलं. उपयोग किती झाला ते आठवड्याभरात दिसेलच. पान पिवळं पडायला वेळ लागतो.

हेच बाबा एकेकाळी गवताची काडी ठेवत नव्हते. त्यांना कोणी पर्यावरणाचं भाषण दिलं नव्हतं. खिडकीतून रोज दिसलं, बस. ते ऑपरेशननंतर पहिल्यांदा मागच्या दारापर्यंत चालत गेले तेही भारद्वाज त्या दिवशी खिडकीच्या बाजूला आला नाही म्हणून. फिजिओथेरपीवाली आजही तो किस्सा तिच्या पेशंटना सांगते.

५ नोव्हेंबरपासून पक्षी सप्ताह आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ तारखेला पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्य सरकारनं ठरवलेला. आमच्या लेआउटमधल्या शाळकरी पोरांना त्या आठवड्यात मी सकाळी आमच्या मागच्या खोलीत बोलावणार आहे. चार पोरं एका वेळी, खिडकीजवळ, आवाज न करता. बाबा ओळख करून देतील. त्यांना जितकी नावं येतात तितकी मलाही येत नाहीत आता.

लेआउटच्या ग्रुपवर मी लिहून टाकलंय की आमच्या भिंतीच्या आत औषधाचा एक थेंब नको आणि पुढच्या वेळी लेनचं गवत माणूस लावून कापून घ्यावं. त्याचा जास्तीचा खर्च मी देते. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. दोघींनी मात्र वेगळा मेसेज करून "आमच्याकडेही नको" म्हटलंय. त्यांनी ते ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहावं, अशी त्यांना इथूनच विनंती.

गोडलिंबाची रोपं आमच्याकडे झाडाखाली भरपूर उगवली आहेत, औषध लागलं नाही त्या बाजूला. ज्यांना पाहिजेत त्यांनी रविवारी सकाळी या. कुंडीतही जगतं. पिशवी आणा, माती मी देते.