एका कॉम्प्युटरवर एकच व्हॉट्सअ‍ॅप? तसं काही नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "एका कॉम्प्युटरवर एकच व्हॉट्सअ‍ॅप चालतं. दुसरं हवं तर एम्युलेटर किंवा जीबी व्हॉट्सअ‍ॅप टाका. ब्राउझरमध्ये दोन खाती उघडलीत तर दोन्ही नंबर बंद होतील." यार्डातल्या पेढ्यांची कॉम्प्युटरची कामं मी करतो. हे वाचून लोक नको ते टाकून घेताहेत, ते बघवत नाही.

एकच चालतं, हा समज कुठून आला ते कळतं. त्याच ब्राउझरमध्ये दुसरा टॅब उघडला की व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या विंडोत उघडं असल्याचं सांगतं. पण लॉगिन कॉम्प्युटरवर नव्हे, ब्राउझरच्या प्रोफाइलमध्ये साठतं. क्रोममध्ये उजवीकडे वरच्या गोल चित्रावर क्लिक करा, नवं प्रोफाइल बनवा, त्यात वेब व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि दुसऱ्या नंबरच्या फोनने क्यूआर कोड स्कॅन करा. झालं. एका पेढीवर मी हळदीच्या नंबरला पिवळं आणि बेदाण्याच्या नंबरला हिरवं प्रोफाइल करून दिलंय. सौद्याच्या घाईत हळदीचा दर तासगावच्या बेदाणेवाल्याला जाणं थांबलं. इनकॉग्निटोच्या, म्हणजे क्रोमच्या खासगी विंडोच्या भानगडीत मात्र पडू नका. त्या सगळ्या विंडोंत मिळून एकच लॉगिन राहतं, आणि त्या बंद केल्या की तेही जातं.

एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात अख्खा अँड्रॉइड फोन. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर चालणाऱ्या ४ जीबी रॅमच्या मशीनवर असे दोन फोन चालवले तर मशीन रडतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे, तिथे नंबर नोंदवला की तोच मुख्य फोन ठरतो आणि मालकाच्या हातातल्या फोनवरचं खातं बाहेर पडतं. वेब व्हॉट्सअ‍ॅपमध्ये फोन जागच्या जागी राहतो. एका खात्याला अशी ४ उपकरणं जोडता येतात.

नंबर बंद होतात, हे खरंच आहे. ते होतात अनोळखी लोकांना एकगठ्ठा मेसेज पाठवल्याने, तक्रारी गेल्याने आणि अनधिकृत अ‍ॅप वापरल्याने. जीबी व्हॉट्सअ‍ॅप त्यातलंच. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या मालक कंपनीचं, मेटाचं नाही, प्ले स्टोअरवर मिळत नाही. म्हणजे ज्याची भीती घातली, तेच ओढवणारा उपाय हा मेसेज सुचवतो! आणि आपल्या चॅटमध्ये असतं काय? शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या हिशोबपट्ट्या, त्यांच्या बँक खात्यांचे नंबर. कुणी बनवलंय ते ठाऊक नसलेल्या अ‍ॅपच्या हाती ते देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ज्यांनी जीबी व्हॉट्सअ‍ॅप टाकलंय त्यांनी ते आजच काढा. फोनमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादीही उघडा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथूनच लॉगआउट करा.