'मॅम, नुसतं सर्टिफिकेट मिळेल का?'

सकाळी कोर्टाला निघायच्या गडबडीत, एका हातात चहा, दुसऱ्या हाताने गळ्याचा बँड बांधतेय, आणि व्हॉट्सॲप वाजलं. ओळखीच्या ओळखीतला मुलगा, तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला. 'गुड मॉर्निंग मॅम, चार आठवड्यांच्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळेल का? यायला जमणार नाही. डायरी मी नेटवरून भरतो. तुमचा फक्त सही-शिक्का.' खाली हात जोडलेले.

फक्त सही-शिक्का! अरे, माझ्या शिक्क्याची किंमत काय लावलीस रे बाबा?

दिवसभर डोकं तापलेलं आहे, त्यामुळे आज लांबण लागणार. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे स्क्रोल करा.

आमच्या वेळी इंटर्नशिप हा शब्दच कुणाच्या तोंडी नव्हता. 'सरांकडे बसते' म्हणायचो. 2006 चा पावसाळा. मीही एलएलबीच्या दुसऱ्याच वर्षाला. सकाळी कॉलेज, अकरापासून सरांच्या मागे मागे कोर्ट. एके दिवशी एक आज्जी आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, पिशवीला दोन गाठी. वाटपाच्या दाव्यात तिच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झालेला, म्हणजे ती हजर नसतानाच निकाल. समन्स दाराला चिकटवल्याचा बेलीफचा रिपोर्ट, आणि तेव्हा आज्जी लेकीच्या घरी. हिला पत्ताच नाही. सर म्हणाले, "हिचं सगळं विचारून घे आणि अर्ज लिहून आण."

मी विचारलं, "आज्जी, निकाल लागल्याचं कधी कळलं?" ती म्हणाली, "बेंदराच्या आदल्या दिशी. तलाठ्यानं सांगितलं बघ."

झालं. मी रात्री जागून सहा पानी विलंब माफीचा अर्ज लिहिला. सुप्रीम कोर्टाचे निवाडे काय, इंग्रजी काय, विचारू नका. दुसऱ्या दिवशी सरांनी तो वाचलासुद्धा नाही. पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "कुठला बेंदूर?" (बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, पोळ्यासारखा.)

पुढचं नंतर सांगते. आधी त्या डायरीचं.

गेल्या वर्षी एका कॉलेजात तोंडी परीक्षेला गेले होते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे मुलांनी एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून लिहायचा असतो, त्याला 30 गुण. अशिलाची मुलाखत आणि इंटर्नशिपची डायरी, त्याला आणखी 30. तीन मुलांच्या डायऱ्यांत एकच खटला, एकच तारीख, आणि तिघांनीही 'उलट तपास'ऐवजी 'उलटा तपास' लिहिलेलं. मी एकाला विचारलं, साक्षीदार कुठं उभा होता? गप्प. खटला पाहिलेला माणूस काहीही विसरेल, पिंजऱ्यातल्या साक्षीदाराच्या हातातला घामेजलेला रुमाल कसा विसरेल?

आणि तिघांकडेही सर्टिफिकेट होतं. कुणातरी वकिलाच्या सही-शिक्क्याचं. म्हणजे देणारे आपल्यातलेच. बार रूममध्ये बसून 'हल्लीच्या ज्युनिअरना साधी पुरशिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) लिहिता येत नाही' म्हणणारे हेच.

नियम काय म्हणतो? 2008 पासून तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला 20. पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. आता मला सांगा, आमच्याकडे दाव्याची पुढची तारीखच सहा आठवड्यांनी पडते. पोराने बिचाऱ्याने इमानदारीत चार आठवडे काढले तरी एका प्रकरणाची एकच तारीख बघणार, आणि त्या दिवशी नेमके साहेब रजेवर. नियम करणारे कधी तालुक्याच्या कोर्टात पुकारा ऐकत बसले होते की नाही, देव जाणे.

पूर्वी 1995 साली वकिलीच्या सनदेआधी वर्षभराची उमेदवारी सक्तीची केली होती. सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये ते नियम रद्द केले, बार कौन्सिलला तसा अधिकारच नाही म्हणून. कायद्याने बरोबर असेल, वाद नाही घालत. आता मे 2025 मध्ये त्याच कोर्टाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. आनंदच झाला मला. पण तिथेही पुरावा काय? दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला, त्यावर न्यायालयाच्या प्रमुखांचा शेरा. म्हणजे परत 'मॅम, फक्त सही-शिक्का'.

तर, कुठला बेंदूर.

माझं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून. आमच्याकडे बेंदूर म्हणजे कर्नाटकी, ज्येष्ठात. मी तोच धरून दिवस मोजले होते आणि मुदत गेली म्हणून मोकळी झाले होते. सरांनी आज्जीला जवळ बसवलं, भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "पाऊस कसा होता तवा?" ती म्हणाली, "भात लावून झाल्याली की. आषाढातला बेंदूर, आमचा." महाराष्ट्रीय बेंदूर! एकतर्फी हुकूमनामा रद्द करायच्या अर्जाला 30 दिवस, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर ते दिवस कळल्यापासून. सरांनी बोटावर मोजले. 26 वा दिवस होता.

माझी सहा पानं त्यांनी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दीड पानाचा अर्ज सांगितला. माफी कसली मागायची, उशीरच झाला नव्हता. वर मीच कागदावर कबूल करून बसले होते की झाला म्हणून! आज्जीला यातलं काही कळलं नाही. जाताना तिनं माझ्या हातावर दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवल्या. मला तोंड वर करवेना.

हे नेटवरच्या डायरीत कुठं भरशील रे तू?

इथपर्यंत लिहून जेवायला उठले होते. जेवताना नवरा म्हणाला, "आणि मागच्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आलेल्या मुलीने काय केलं गं?" ...झेरॉक्स. तीन आठवडे झेरॉक्स आणि नकला विभागाच्या फेऱ्या. एकदाही अशिलासमोर बसवलं नाही मी तिला. वेळ नव्हता, खरंच नव्हता, पण सरांना तरी कुठे होता? आणि प्रवासखर्चाचं विचारायचं मला सुचलंही नाही. सर्टिफिकेटवर मात्र 'हिने कोर्टाच्या कामकाजाचा सखोल अनुभव घेतला' असं मीच टाइप करून दिलं. शिक्का माझाच.

मग त्या मुलाला फोन केला. ओरडायलाच केला होता. तो मोबाइलच्या दुकानात काम करतो, दुपारी बारा ते रात्री आठ. वडील नाहीत. सकाळच्या कॉलेजची फी दुकानाच्या पगारातून. कोर्ट अकरा ते साडेपाच, येणार कधी? तरीही खोटं सर्टिफिकेट मागणं चूकच, हे मी त्याला ऐकवलं. 'हो मॅम' म्हणाला.

सही देणार नाही म्हटलं. दुकान सुटल्यावर साडेआठला ऑफिसवर ये, मी दहापर्यंत असते. साक्षी बघायच्या असतील तर महिन्यातून दोन दिवस मालकाकडून सुट्टी माग, लागलं तर मी बोलते त्यांच्याशी.

आत्ता त्याचा मेसेज आला, 'किती दिवस यावं लागेल मॅम?' परत राग आला. उत्तर दिलेलं नाही अजून.

उद्या रात्री एक आजोबा येणार आहेत. दाव्याचं समन्स आलंय, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायचं आहे. 30 दिवसांत, फार तर 90. समन्स कधी हातात पडलं विचारलं तर फोनवर म्हणाले, "जोतिबाची यात्रा झाल्यावर, दुसऱ्या का तिसऱ्या सोमवारी." आजोबांना विचारायला त्यालाच बसवीन म्हणते. कालनिर्णय टेबलावर काढून ठेवलंय.