हिमाचलमधल्या भाबा पास ट्रेकबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन तारे दिलेला अभिप्राय वाचला. सॅक सांगितल्यापेक्षा जड निघाली, वाटेतल्या कारा या मुक्कामी एक दिवस ‘फुकट’ गेला, आणि इतक्या आडवाटेच्या ट्रेकला आमच्याकडे सॅटेलाइट फोन नव्हता, अशा तुमच्या तीन तक्रारी आहेत.

वजनाच्या बाबतीत चूक सर्वस्वी आमची आहे. यादीत ‘नऊ किलोपर्यंत’ लिहिलं होतं, पण ते फक्त स्वतःच्या सामानाचं. टेंट, शिधा आणि गॅस वाटून घेतल्यावर माणशी आणखी चार किलो चढतात, हे आम्ही काफनूला, म्हणजे ट्रेक सुरू होतो त्या गावी, पोचल्यावर सांगितलं. तेव्हा कळून काय उपयोग? आधी माहीत असतं तर तेवढं वजन पाठीवर घेऊन तुम्ही सिंहगडावर सराव केला असता. मी मनापासून माफी मागतो. ऐनवेळी तुम्ही स्वतःच्या खर्चाने पोर्टर केलात, ते पैसे या आठवड्यात परत करतो. यादीही दुरुस्त केली आहे.

काराचा मुक्काम मात्र मी कमी करणार नाही.

काफनू सुमारे २४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६. पुढचे मुक्काम म्हणजे मुलिंग साधारण ३२००, कारा साडेतीन हजारांच्या वर, फुटसिरांग ४१०० च्या आसपास; आणि पास, म्हणजे ओलांडायची खिंड, जवळपास ४९००. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर सांगतात. कारा ते फुटसिरांग ही उडी त्या मर्यादेला टेकते, म्हणून थांबायचं ते त्याच्या आधी. त्या दिवशी तुम्हाला वरच्या कुरणापर्यंत नेऊन झोपायला परत खाली आणलं, तेही शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणूनच.

‘दर रविवारी गड करणाऱ्यांना आराम कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. दम असणं वेगळं आणि उंची न बाधणं वेगळं. मला तर दमदार माणसाचीच जास्त काळजी वाटते, कारण तो डोकेदुखी अंगावर काढतो आणि पुढे चालत राहतो. काफनू सोडल्यावर थेट स्पितीतल्या मुधपर्यंत गाव नाही, नेटवर्क नाही. उंची बाधली तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पास ओलांडल्यावर कोणी आजारी पडलं, तर मागे फिरायला आधी पुन्हा पासच चढावा लागतो. हे सगळं बुकिंगच्या वेळीच समजावून सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि तुम्हाला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला.

सॅटेलाइट फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं बेकायदेशीर आहे. आमच्याकडे ती परवानगी नाही, म्हणून आम्ही तो नेत नाही. त्याऐवजी काफनू आणि मुध दोन्हीकडे आमच्या माणसांजवळ बॅचची नावं आणि पोचायची तारीख असते. ठरलेल्या दिवशी बॅच पोचली नाही, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ते शोधायला निघतात.

तुमच्या मित्राला काराहून परत का पाठवलं, ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या तब्येतीची गोष्ट चारचौघांत मांडणं मला योग्य वाटत नाही. त्यांची हरकत नसेल तर दोघंही फोन करा, तिथे गेलेला लीडर स्वतः बोलेल.