रॉटरडॅमची जकात आणि मुंबईचा रुपया

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर दर फेब्रुवारीत तोच संदेश फिरू लागतो: महाराष्ट्र दिल्लीला रुपया देतो आणि पदरात पडतात मोजके पैसे. गेली बारा वर्षे मी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम या बंदराच्या शहरात राहतो आणि हेच गाऱ्हाणे दुपारच्या सुट्टीत, चीजचे सँडविच आणि ताकाचा पेला समोर ठेवून बसलेल्या डच सहकाऱ्यांकडून ऐकतो. दिल्लीच्या जागी युरोपीय संघाचे मुख्यालय असलेले ब्रसेल्स येते आणि बिहारच्या जागी पोलंड किंवा इटली, इतकाच काय तो फरक. एप्रिल २०२० मध्ये हेगमधल्या एका कचरा कामगाराने तत्कालीन पंतप्रधान मार्क रुट यांना, इटालियनांना आणि स्पॅनिशांना पैसे देऊ नका, असे ओरडून सांगितले, तेव्हा त्यांनी हसत अंगठा वर केला होता. (कामगारासाठी तो होकार होता; आपल्याकडच्या अर्थाने ‘अंगठा दाखवला’ गेला तो इटलीला.)

एवढा त्रागा ज्या रकमेवरून चालतो, ती तशी लहानच आहे. युरोपीय संघाचा २०२५चा अर्थसंकल्प सुमारे १९,९०० कोटी युरोंचा, म्हणजे सत्तावीस देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का. भारताच्या केंद्र सरकारचा खर्च मात्र देशाच्या उत्पन्नाच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा असतो. संघाच्या पैशातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीकडे जातो, तेवढाच मागास प्रदेशांकडे, आणि प्रशासनावर सात टक्क्यांच्या आसपास खर्च होतो. वार्षिक अर्थसंकल्पात तूट ठेवण्यास करारानेच मनाई आहे.

डच हिशेबातली खरी गोम मला घराजवळच दिसते. मास नदीच्या मुखाशी उभे राहिले की क्रेन एकामागून एक कंटेनर उतरवताना दिसतात, आणि त्यांतले कितीतरी इथे न थांबता थेट जर्मनीकडे रवाना होतात. आयात शुल्क मात्र माल जिथे सोडवला जातो तिथे भरले जाते. ते ब्रसेल्सच्या खात्यात जमा होते, वसुलीचा खर्च म्हणून त्यातले २५ टक्के नेदरलँड्स स्वतःकडे ठेवते, आणि उरलेली रक्कम ‘आम्ही दिली’ म्हणून सांगते. वस्तू विकत घेऊन ते शुल्क अखेर सोसणारा गिऱ्हाईक जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा असला, तरी त्याची या हिशेबात कुठेच नोंद होत नाही.

मुंबईच्या रुपयाचेही बरेचसे असेच आहे. देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वसुली महाराष्ट्रात होते, ती काही अंशी आपल्या कर्तृत्वामुळे आणि काही अंशी कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबईत असल्यामुळे. खाण झारखंडात आणि कारखाना ओडिशात असला तरी कर मुंबईच्या खात्यावर दिसतो. न्हावा-शेव्याला उतरून पंजाबात जाणाऱ्या मालाचे शुल्कही आपल्याच नावावर धरले जाते.

याचा अर्थ आपली तक्रार पोकळ आहे असा नाही. ती चुकीच्या जागी केली जाते, एवढेच. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या वित्त आयोगांपैकी पंधराव्याने २०२१ ते २०२६ साठीच्या वाटपात ४५ टक्के वजन राज्याचे दरडोई उत्पन्न श्रीमंत राज्यांहून किती मागे आहे, या अंतराला दिले आणि महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरला. श्रीमंताला कमी मिळावे, हे सूत्र मला मान्य आहे. मान्य नाही ते हे, की केंद्र मूळ करांवर वेगळे लावते ते उपकर आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत, आणि सूत्र ठरवताना राज्यांच्या हाती फक्त निवेदन देणे उरते. युरोपीय संघाचा सात वर्षांचा खर्चाचा आराखडा सर्व सदस्य देशांच्या संमतीशिवाय मंजूर होत नाही. जुलै २०२० मध्ये त्यासाठी चार दिवस-रात्री घासाघीस चालली, आणि नेदरलँड्ससह पाच देश आपल्या वर्गणीत सूट पदरात पाडून घेऊनच उठले. अर्थात एकमताचीही किंमत असते: डिसेंबर २०२३ मध्ये एकट्या हंगेरीने युक्रेनसाठीचे ५,००० कोटी युरो अडवून धरले होते. मला महाराष्ट्राच्या हाती असा नकाराधिकार नको आहे. जिथे सूत्र ठरते त्या टेबलाशी खुर्ची मात्र हवी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याला अडचणीची वाटेल. मागास भागांसाठीचा युरोपीय निधी देश पाहून नव्हे, तर प्रदेश पाहून वाटला जातो. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला झुकते माप मिळते, मग तो दक्षिण इटलीसारखा एखाद्या संपन्न देशाच्या पोटात का असेना. हीच फूटपट्टी आपल्या घरात लावायचा प्रयत्न महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये केला होता. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे आली, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा आमच्या गटावर कुणी चकार शब्द काढला नाही.

यंदा तो संदेश पुण्यातल्या मित्राने टाकला. वाशिमच्या वर्गमैत्रिणीने खाली विचारले, “अरे, पण आमच्या जिल्ह्याने मुंबईला किती दिले आणि किती घेतले, तेही एकदा मांड ना.” त्याने अजून मांडलेले नाही.